तोंडचा घास

निवृत्त माणसाने आपला वेळ कसा घालवावा, याविषयी निवृत्त न झालेल्या मंडळींची मते फार ठाम असतात. कोणी सकाळचे फिरणे सुचवतो, कोणी ज्ञानेश्वरी सुचवतो, कोणी सोसायटीचे चिटणीसपद गळ्यात घालतो. मी यांतले काहीच केले नाही. मी दरोडेखोर पाळले आहेत. डोंबिवलीच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात, बाहेरच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवलेल्या सहा फुटी काचेच्या टाकीत ते राहतात. संख्येने चार. मी दिसलो की काचेशी येतात आणि तोंडे उघडतात.

आलेला पाहुणा चपला काढता काढता म्हणतो, "वा! शोभेचे मासे वाटतं!" मग जवळ जाऊन पाहतो आणि गप्प होतो. कारण शोभा अशी त्यांत काही नाही. तिघे जण चांगले वीतभर लांबीचे; मळकट पांढऱ्या अंगावर मोठमोठे तपकिरी डाग, जुन्या वाड्याच्या ओल आलेल्या भिंतीवर असतात तसे. चौथा रुपेरी आहे, पण इतका चपटा की समोरून पाहिला तर नुसती एक उभी रेघ दिसते. त्याला आम्ही घरात 'सुरी' म्हणतो.

"हे खातात काय?" पाहुणा विचारतो.

"मासे, कोळंबी. गोळ्याही खातात."

"अरेरे! मासे असून मासेच खातात?"

हा प्रश्न विचारणारा गृहस्थ दर रविवारी पापलेटासाठी बाजारात उभा असतो, हे मला ठाऊक असते. पण मी बोलत नाही. न बोलण्याची विद्या मी उतारवयात शिकलो, आणि ती कोणाकडून शिकलो तेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे.

टाकी माझी नव्हे. ती चिरंजिवांची. २०२२ साली त्याने ती पहिल्या पगाराच्या शिल्लकेतून करवून घेतली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. जवळजवळ साडेसहाशे लिटर पाणी, म्हणजे साडेसहाशे किलो वजन; काच आणि दगड निराळे. पहिले दोन महिने खालच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी आपल्या छताकडे पाहत आणि मग जिन्यात माझ्याकडे पाहत. मासे त्याने आणले तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढे होते. क्रॉफर्ड मार्केटातून ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, लोकलच्या गर्दीत ती पिशवी पोटाशी धरून त्याने ते आणले. मी तेव्हा नुसते म्हणालो, "यापेक्षा एक मुदतठेव केली असतीस."

त्या वर्षाच्या मध्यावर त्याची कंपनी बंद पडली आणि तो घरी बसला. एक महिना, दोन महिने, सहा महिने. सकाळी अर्ज पाठवायचा आणि संध्याकाळी माशांसमोर बसायचा. मी एकोणचाळीस वर्षे एका कचेरीत काढली आहेत. रोज आठ-चाळीसची गाडी पकडली. पुरुषमाणूस दिवसा घरात दिसला की मला तो आजारी तरी वाटतो, नाही तर आळशी. २०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधीचे चार दिवस असतील, रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. तो कालवणाची दुसरी वाटी घेत होता. माझ्या तोंडून शब्द गेले, "बसून गिळायला बरं जमतं तुला!"

गिळणे. मराठीत जेवायला किती चांगली क्रियापदे आहेत! माणूस जेवतो, खातो, चार घास घेतो, प्रसंगी चापतो. मला नेमके तेच सापडले. चिरंजिवांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून हात धुतला आणि टाकीतला दिवा मालवला. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. तीन आठवड्यांत त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि तो निघून गेला. तो दर रविवारी आईला फोन करी. माझ्याशी बोलणे नव्हते.

टाकी न्यायला त्याच्याकडे जागा नव्हती. मी म्हणालो, विकून टाकू. आमच्या घरातून उत्तर आले, "त्याची खोली आवरलीत, पुस्तकं बांधलीत. एवढं एक राहू दे." गुडघ्यांमुळे तिला बादल्या उचलवत नव्हत्या. तेव्हा बादल्या माझ्याकडे आल्या.

रविवारचा फोन ठरलेला असे. तिकडून पहिला प्रश्न, "मासे जेवले का?" मग ही मला विचारी आणि मी सांगितलेले फोनमध्ये सांगे. एकाच घरातल्या दोन पुरुषांमधली ही दुभाषी बाई पावणेदोन वर्षे न थकता काम करीत होती. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते म्हणून फोटो धुण्याच्या कामी येतो तो हायपो चिमूटभर टाकायचा. आमच्याकडचे पाणी मृदू, आणि हे मासे ज्या सरोवराचे, तिथले पाणी जड आणि क्षारयुक्त. म्हणून टाकीत शहाबादी फरशीचे तुकडे रचलेले. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. जन्मभर जिच्यावर पाट मांडून जेवलो, ती फरशी पाण्यात झिजून माशांच्या उपयोगी पडते, हे मला साठाव्या वर्षानंतर कळले. एकदा फिल्टरमधला स्पंज फार घाण झाला म्हणून मी तो नळाखाली धरून पांढराशुभ्र धुतला आणि मोठ्या अभिमानाने वर्तमान कळवले. तिकडून धावतपळत निरोप आला, "बाबांना सांग, ती घाण नाही. त्यात जिवाणू असतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. तो हे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते मेले तर मासे आपल्याच विषानं मरतील. स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलका पिळायचा." माणसाची स्वच्छताही घातक होऊ शकते, हा धडा मी तेव्हा घेतला. पण तो माशांपुरताच घेतला.

आता माझ्या दुसऱ्या गुन्ह्याची हकीकत. टाकीत रंग नाही असे मला वाटे. एकदा मुंबईला पेन्शनच्या कामासाठी गेलो असता मी क्रॉफर्ड मार्केटात शिरलो आणि कोणालाही न विचारता सहा लहानसे पिवळेधमक मासे घेऊन आलो. दुकानदार त्यांना 'येलो लॅब' म्हणाला. तेही त्याच सरोवरातले, तेव्हा गाववाल्यांचे जमेल असा माझा हिशेब. टाकी क्षणात झेंडूच्या बागेसारखी दिसू लागली. ही सुद्धा खूश झाली.

चौथ्या दिवशी सकाळी पाहतो, तर आमच्या डागवाल्यांपैकी एक जण तळाच्या वाळूवर आडवा पडलेला. कुशीवर, तोंड अर्धवट उघडे, डोळा थिजलेला, कल्ल्यांची हालचाल असून नसल्यासारखी. अंगावरचे डाग तर कुजल्यागत दिसत होते. माझ्या पोटात धस्स झाले. मासा मेल्याचे नव्हे, रविवारी काय सांगायचे त्याचे. मी जाळी घेऊन स्टुलावर चढलो. तेवढ्यात एक पिवळा मासा त्या प्रेताजवळ आला आणि एक टोच मारावी म्हणून त्याच्या तोंडाशी वळला. मी डोळे मिटले नव्हते, तरी मला काही दिसले नाही. एवढेच दिसले की पिवळा मासा नाही, आणि प्रेत उठून पोहत आहे.

मी स्टुलावर तसाच उभा राहिलो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं?" मी घडले ते सांगितले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या कचेरीत नव्हते का असे? फायलीवर डोकं ठेवून पडलेले, आणि बढतीची वेळ आली की उठणारे?"

आठ दिवसांत सहाही पिवळे गेले. रविवारचा निरोप एकाच वाक्याचा होता, "बाबांना सांग, यांच्या तोंडात मावेल असं काही टाकीत सोडायचं नसतं."

तेव्हापासून मी या प्राण्यांविषयी वाचू लागलो. हे मासे सिक्लिड कुळातले, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि तळाशी ७०० मीटर खोल आहे, आणि त्यात सिक्लिडांच्या शेकडो जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एकाच कुळातून इतक्या जाती झाल्या त्या मुख्यतः तोंडामुळे. ज्याला दगडावरचे शेवाळ खरवडायचे त्याचे तोंड निराळे, ज्याला वाळू चाळायची त्याचे निराळे. आमची 'सुरी' लांब पानांच्या पाणवेलींत डोके खाली करून तरंगते आणि पान समजून बेसावध राहिलेल्या पिल्लाला उचलते. शेजारच्या टांगानिका सरोवरात तर दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून जगणारा एक सिक्लिड आहे. त्याच्यातल्या काहींची तोंडे डावीकडे वळलेली असतात, काहींची उजवीकडे. म्हणजे काही जण एका अंगाने लुटतात, काही दुसऱ्या. कोणत्याही एका बाजूची संख्या फार वाढली की भक्ष्य त्या बाजूने सावध होते आणि दुसऱ्यांचे फावते. त्यामुळे दोन्ही पक्ष निम्म्या-निम्म्याच्या आसपास राहतात. मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञाने १९९३ साली हे दाखवून दिले. राजकारणाच्या अभ्यासकांनी याकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

आमच्या डागवाल्याला सरोवरकाठचे कोळी 'कालिगोनो' म्हणतात. अर्थ, झोपणारा. मेल्याचे सोंग करून शिकार करण्याच्या त्याच्या या पद्धतीचे वर्णन केनेथ मॅकके यांनी १९८१ साली प्रसिद्ध केले. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आमचे मासे काही आफ्रिकेतून आलेले नाहीत. ते इथल्याच कुठल्या तरी हौदात जन्मलेले, आणि कदाचित त्यांचे आईबापही. सरोवर त्यांनी पाहिलेले नाही. मेल्याचे सोंग त्यांना कोणी शिकवले नाही. पण डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावर, शहाबादी फरशीच्या सावलीत, तो वाळूवर आडवा होतो आणि वाट पाहतो. काही गोष्टी रक्तातून येतात. माझ्या वडिलांची जीभही अशीच होती.

या माशाचे शास्त्रीय नाव निम्बोक्रोमिस लिव्हिंग्स्टोनी. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ च्या सप्टेंबरात या सरोवराच्या काठी पोचला. तेव्हा ते न्यासा सरोवर म्हणून ओळखले जाई. गुलामांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी तिथे चालवायची म्हणून त्याने पदरच्या पैशाने 'लेडी न्यासा' नावाची आगबोट बांधून घेतली. ती सरोवरापर्यंत कधी पोचलीच नाही. मोहीम परत बोलावली गेली, आणि १८६४ च्या जूनमध्ये लिव्हिंग्स्टन ती बोट स्वतः हाकत मुंबई बंदरात घेऊन आला; पुढे ती इथेच विकली गेली. त्या बोटीवर चुमा नावाचा एक मुलगा होता. गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला. त्याला मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढे तो लिव्हिंग्स्टनबरोबर पुन्हा आफ्रिकेत गेला आणि १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे प्रेत समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांतला एक प्रमुख हा चुमाच होता. हे वाचले त्या रात्री मी बराच वेळ टाकीसमोर बसलो होतो. परक्या शहरात रात्रीचा जेवायला बसलेला मुलगा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो चुमा नव्हता.

माशांनी आमच्या घरच्या रूढीही मोडल्या. श्रावणात आमच्याकडे मासळी येत नाही. पण कालिगोनोला श्रावण कोण सांगणार? नुसत्या गोळ्यांवर ते नाराज दिसत. शेवटी हिनेच तोडगा काढला. पहिल्या श्रावणी सोमवारनंतर मंगळवारी कोळंबी आणली, बाल्कनीत वेगळ्या पाटावर सोलली, आणि म्हणाली, "त्यांचा धर्म त्यांच्यापाशी." पावशेर कोळंबीचा वास महिनाभर घरात दरवळत होता आणि आम्ही दोघे वरणभात खात होतो. शेजारच्या वहिनींना मात्र आमच्या सोवळ्याविषयी जी शंका आली ती अजून फिटलेली नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीला महिना असेल, तिघांतल्या एकाचे डाग विरत गेले आणि अंग गडद निळे झाले. हा नर. त्याने वाळूत खळगा केला आणि एका मादीभोवती थरथरत फिरू लागला. तिने खळग्यात अंडी घातली आणि लगेच वळून तोंडात उचलली. नराच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. ती ठिपक्यांनाही अंडी समजून टिपायला जाते, आणि अंड्यांचे फलन तिच्या तोंडातच होते. वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ साली या ठिपक्यांचे मर्म सांगितले होते.

त्या दिवसापासून तिने तोंड मिटले. कोळंबी समोरून तरंगत जाई. ती पाही आणि मान वळवी. गळ्याखाली पिशवी भरल्यासारखी दिसे, आणि मधूनमधून ती चूळ भरल्यासारखे तोंड हलवी. अंडी फिरवून त्यांना ताजे पाणी देत असावी. तीन आठवडे हा उपास. बाकीचे तिघे तिच्यादेखत ताव मारीत. दहाव्या दिवशी ती खांद्याशी खंगलेली दिसू लागली. ही रोज विचारी, "आज तरी काही घेतलं का हो तिनं?" बाळंतिणीची विचारपूस करावी तसे.

मी मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे पाहत होतो. हेच ते तोंड. याच तोंडात माझे पिवळे मासे गेले होते; डोळ्याची पापणी लवायच्या आत. आणि याच तोंडात आता तेवढेच लहान, तेवढेच मऊ जीव आहेत, स्वतःला प्रचंड भूक लागलेली आहे, आणि ती गिळत नाही. मलावीत म्हणे असेही मासे आहेत, की जे अशा आईच्या तोंडावर धडका मारतात, आणि तिने पिल्ले बाहेर टाकली की ती खातात. म्हणजे भुकेने बाहेर टाकायचे नाही, भीतीने टाकायचे नाही, आणि चुकूनही आत जाऊ द्यायचे नाही. मला जेवणाच्या पाटावर एक वाक्य तोंडात धरवले नव्हते.

बाराव्या दिवशी निरोप आला, "आईला वेगळ्या टाकीत हलवा. रात्री, अंधारात, हळूच." चिरंजिवांची दोन फुटी जुनी टाकी माळ्यावर होती. ती मी धुतली, मोठ्या टाकीतलेच पाणी आणि जुन्या फिल्टरचा स्पंज घातला आणि रात्री अकराला तिला जाळीऐवजी बादलीतच धरून हलवले. ती खवळली, पण तोंड उघडले नाही. मी घामाघूम झालो.

अठराव्या रात्री परतीच्या पावसाचा मोठा गडगडाट झाला आणि वीज गेली. रात्रीचा दीड वाजला होता. फिल्टरची घरघर थांबली की घर किती शांत होते, ते टाकी असलेल्या माणसालाच ठाऊक. साडेसहाशे लिटर पाणी काही वेळ तग धरते, पण ती लहान टाकी? मी मेणबत्ती घेऊन गेलो. ती पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभरा हलवीत होती. हिला उठवले. हिने फोन लावला आणि, देव जाणे का, "तुम्हीच बोला" म्हणून माझ्या हातात दिला.

"आई?" तिकडून आवाज आला.

"मी आहे," मी म्हणालो. "वीज गेली आहे. ती वर येते आहे. काय करू?"

क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "बाबा, तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी तांब्यानं काढा आणि वरून, हातभर उंचीवरून, बारीक धारेनं ओता. त्यानं पाण्यात हवा मिसळते. तिच्या अंगावर नको, कोपऱ्यात ओता. मध्येमध्ये मोठ्या टाकीतही."

मी ओतू लागलो. फोन हिने माझ्या कानाशी धरला होता.

"बॅटरी तोंडावर मारू नका," तो म्हणाला. "पहिल्यांदाच आहे तिची. घाबरली तर गिळून टाकेल."

तो शब्द आला आणि आम्ही दोघेही थांबलो. बंगळूर आणि डोंबिवली यांच्या मध्ये तो शब्द लोंबकळत राहिला. त्याने तो मुद्दाम म्हटला नव्हता. माशांच्या बाबतीत दुसरा शब्दच नाही. पण मला त्याचा हातातला घास ताटात ठेवतानाचा चेहरा दिसला. मी म्हणालो, "त्या दिवशी जेवताना मी जे बोललो..." पुढचे शब्द येईनात.

"बाबा," तो म्हणाला, "पाणी ओता."

मी ओतत राहिलो. त्याने फोन ठेवला नाही. मधून तो विचारी, "कल्ले अजून भरभर हलतात?" मी सांगे, "कमी झाले आहेत." मग पुन्हा नुसता पाण्याचा आवाज. हात दुखला की हात बदलायचा. पावणेदोन वर्षांत आम्ही इतके बोललो नव्हतो, आणि बोललो तेही काही नव्हे. चार वाजता दिवे आले, फिल्टर घुरघुरला, आणि तो म्हणाला, "आता झोपा. सकाळी मी एक बॅटरीवरचा पंप पाठवायची व्यवस्था करतो." मी विचारले, "तुला उद्या कामावर जायचं असेल?" "आज," तो म्हणाला, आणि हसला.

तीन दिवसांनी, सकाळच्या चहाच्या वेळी, तिने तोंड उघडले. आधी एक आला, मग दोन, मग एकदम धूर निघावा तसा पुंजका. नखाएवढे, डोळ्यांचेच बनलेले वाटावेत असे. मी मोजले, चौतीस भरले. ही म्हणते छत्तीस. मी कौतुकाने काचेवर बोट ठेवले, तर ती एकदम पुढे झाली, तोंड उघडले, आणि ती सगळी सेना मागच्या मागे आत. काच ओलांडून माझे बोट तिच्यापर्यंत पोचणार नाही, हे तिला कोण सांगणार? बोट काढले, थोड्या वेळाने ती पुन्हा बाहेर आली. मोठ्या टाकीत एव्हाना 'सुरी'ने त्यांचा फडशा पाडला असता, आणि बापानेही मागेपुढे पाहिले नसते.

ही हकीकत फार गोड होऊ नये म्हणून पुढचे सांगतो. काही दिवसांनी आईलाही त्यांच्यापासून दूर करावे लागले. पालनाचा काळ सरला की तिलाही पुन्हा भूक लागते, आणि मग समोरचे पिल्लू आपले की परके, याची खात्री देता येत नाही. पिल्लांतही मोठ्याने धाकट्याला मटकावल्याचे दोन प्रकार झाले. ते दरोडेखोरच आहेत. मी त्यांच्यापासून दया शिकलो असे म्हणत नाही. ती त्यांच्यापाशी नाही. एवढेच पाहिले की जे तोंड फाडायलाच घडले आहे, तेही वेळ आली तर तीन आठवडे मिटून राहू शकते.

त्या दिवाळीला चिरंजीव आले. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान होण्याआधीच टाकीसमोर बसले. जेवायला आम्ही समोरासमोर बसलो. हिने कालवणाची वाटी वाढली, मग दुसरी वाढली. माझ्या मनात कितीतरी बोलायचे होते. माफीचे एक वाक्य तर मी महिनाभर घोळवून तयार केले होते. पण त्याचे जेवण चालले होते, आणि जेवणाऱ्या माणसाला थांबवू नये एवढे मला आता कळत होते. मी मिठाची बरणी त्याच्याकडे सरकवली. त्याने ती घेतली.

त्या चौतिसांपैकी (किंवा छत्तिसांपैकी) पाच आम्ही ठेवले, बाकीचे हौशी मंडळींना दिले. देताना प्रत्येकाला बजावले की तोंडात मावेल असे काही यांच्यासोबत ठेवू नका. रविवारचा फोन अजून येतो. आता हिच्याकडे जायच्या आधी तो माझ्याकडे येतो. पहिला प्रश्न तोच असतो, "मासे जेवले का?" मी होय म्हणतो. मग तो विचारतो, "आणि तुम्ही?"